दोरीवरचे धांडे

माझ्या आत्याच्या लाँड्रीत कपडा वाळला की नाही हे हातानं बघत नाहीत, गालानं बघतात. हाताला पाण्याची सवय झालेली असते, तो खोटं बोलतो, असं तिचं म्हणणं. म्हणून दुपारी उन्हं उतरायला लागली की एक धिप्पाड बाई दोरीवरच्या चादरींना एकामागून एक गाल लावत चाललेली दिसते. नवीन माणसाला वाटतं, बाईचं डोकं फिरलंय. आम्हाला त्याचं काहीच वाटत नाही, कारण तिचं डोकं यापेक्षा कितीतरी चांगल्या कारणांनी फिरलेलं आम्ही पाहिलं आहे.

ती पोरवयात हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला लागली. तिथं उकळत्या हौदापाशी उभं राहून ती चादरी धुवायला शिकली आणि भांडायलाही शिकली. पुढं आजोबांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा तिनं शेत मागितलं नाही. विहिरीपासून रस्त्यापर्यंतची उंचावरची पट्टी मागितली. तिथं धड गवतही उगवत नव्हतं. सगळे हसले. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, म्हणाले, "ताई, विचार कर. त्या माळावर काय पिकणार?"

"वारा," आत्या म्हणाली.

आणि खरंच पिकला. दिवसभर तिथं असा वारा सुटलेला असतो की मोठी चादर पिळून टाकली तर दुसऱ्या टोकाला चिमटा लावेपर्यंत पहिलं टोक फडफडायला लागतं. आत्यानं दोन हौद बांधले, उकळायचं मोठं पातेलं बसवलं, खांब रोवून दोऱ्या ताणल्या, आणि ज्या हॉस्पिटलात नोकरी केली त्याच हॉस्पिटलच्या बाळंतिणींच्या वॉर्डाचं धुणं मिळवलं. यजमान गेल्यावरही तिनं ते एकटीनं चालवलं. कपडे सुकवायचं मशीन घे म्हणून सांगायला एक विक्रेता आला होता. त्याला तिनं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मशीनमध्ये कपडा वाळत नाही हो, दमतो."

आता बाबांबद्दल. आत्या त्यांना अजून 'बाळ्या' म्हणते. बाळ्याचे केस पांढरे झाले, त्याच्या मुलीचे, म्हणजे माझेही व्हायला लागले, पण हाक तीच. बाबांच्या वाटणीला आत्याच्या पट्टीला लागून असलेलं सखल शेत आलं. त्यात ते मका करतात. कणसं काढून झाली की उभे राहतात ते धांडे आणि जमिनीतली धसकटं. पुढचं पीक लगेच पेरायचं असतं, मजूर मिळत नाहीत, नांगराच्या फाळाला धांडे अडकतात. मग बाबा वाऱ्याची दिशा बघायचे, निदान बघितल्यासारखं करायचे, आणि काडी लावायचे. तासाभरात शेत मोकळं. त्या तासाभरात आत्याच्या दोरीवर काजळीचे काळे कपटे येऊन बसायचे, आणि ओल्या चादरीवर बसलेली काजळी झटकायला गेलं की जास्तच पसरते.

मग आत्या हद्दीवर उभी राहून ओरडायची आणि बाबा धुरातून ओरडायचे. "हा वारा तूच मागून घेतला होतास!" हे बाबांचं ठरलेलं वाक्य. "वारा मागितला होता, तुझ्या मक्याचं मढं नव्हतं मागितलं!" हे तिचं. मी दोघांच्या मध्ये वाढले. झोपायला बाबांच्या घरी, जेवायला आत्याकडे, आणि भांडणाच्या दिवसांत दोन्हीकडून दुसऱ्याला निरोप पोचवायला. निरोप मी नेहमी थोडे सौम्य करून सांगायची. आमच्या घरात सुंभ जळला तरी पीळ जात नाही. निदान पिळाला तेल तरी घालावं, एवढाच माझा हेतू.

एका वर्षी मात्र हे नेहमीचं भांडण राहिलं नाही. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर स्वतः लाँड्रीत आल्या. हातात एक चादर होती. तिच्या कडेला करडा पट्टा दिसत होता. आत्यानं ती तीन पाण्यांतून काढली होती, तरी तो राहिला होता.

"मला तुझं काम माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण वरचे लोक ऐकत नाहीत. शहरातल्या मोठ्या लाँड्रीला काम द्यायचं चाललंय. तिथं सगळं बंद खोलीत वाळतं. यंदाच्या हंगामात अशी आणखी एक खेप आली, तर मी काही करू शकणार नाही."

आत्यानं ती चादर घेऊन पुन्हा घडी केली. मी तिला इतकी गप्प कधी पाहिली नव्हती, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. बाळंतिणींच्या चादरी गेल्या तर दोऱ्या गेल्या, आणि दोऱ्या गेल्या तर आत्या उरते कुठं? मी तडक शेतात गेले आणि या वेळी निरोप सौम्य न करता सांगितला. बाबांनी मान खाली घातली. "मला काय हौस आहे का गं," ते म्हणाले. "पण उरलेल्या धांड्यांचं करू काय? खाऊ?"

आणि नेमकं त्याच आठवड्यात मीटरबाई आल्या.

त्यांचं काम धुराचं होतं. पिकाचा कचरा उघड्यावर जाळला तर हवेत काय काय जातं, आणि तोच कचरा भट्टीत भाजून त्याचा कोळसा केला तर काय जातं, हे त्या मोजत हिंडत होत्या. सोबत एक पेटी, पेटीला लांब नळी, आणि नळीच्या टोकाला धातूची गाळणी. त्यांना असं शेत हवं होतं की ज्याचा अर्धा भाग मालक नेहमीसारखा जाळेल आणि उरलेल्या अर्ध्याचे धांडे भट्टीत घालू देईल. कुणीतरी त्यांना सांगितलं, सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात जाळणारा माणूस म्हणजे आमचे बाबा. बाबांना हा मोठाच सन्मान वाटला.

मीटरबाई आमच्या ओसरीवर बसून सांगत होत्या तेव्हा आत्याही आली होती, बाबांकडे पाठ करून. बाई म्हणाल्या, मका वाढताना हवेतला कार्बन आपल्या अंगात घेतो. उघड्यावर जाळला की तो जवळजवळ सगळा परत हवेत, शिवाय काजळी आणि विषारी वायू जातात ते वेगळेच. पण निमुळत्या भट्टीत वरून जाळ ठेवून थोडे थोडे धांडे टाकत गेलं, तर खालच्या धांड्यांना हवा मिळत नाही. ते जळून राख होत नाहीत, भाजून कोळसा होतात. त्यांच्यातून निघणारा धूर वरच्या ज्वाळेतून जाताना तिथंच जळून जातो. शेवटी पाणी ओतून विझवायचं. कार्बनचा चांगला मोठा वाटा कोळशात राहतो, आणि तो कोळसा शेणखतात मुरवून मातीत घातला की वर्षानुवर्षं तिथंच राहतो.

"म्हणजे धूरच होत नाही?" आत्यानं विचारलं.

"नीट केलं तर फार कमी."

"जाळलं काय आणि भाजलं काय, कोळसा उगाळावा तितका काळाच," बाबा म्हणाले.

"लावतोस पैज?" आत्या गर्रकन वळली. बहीणभाऊ महिनाभरानं एकमेकांशी थेट बोलत होते. "बाईंचं मशीन काय म्हणेल ते खरं. भट्टीतून जाळण्यापेक्षा कमी निघालं, तर तू पुन्हा शेताला काडी लावायची नाहीस."

"आणि नाही निघालं तर?"

आत्यानं एक क्षण बाहेर दोऱ्यांकडे पाहिलं. "तर मी दोऱ्या सोडते. सिस्टरांना सांगते, द्या काम शहरात. रोज उठून तुझ्याशी भांडण्यापेक्षा ते बरं."

बाबा "बरं" म्हणून बसले. त्यांच्या तोंडून ते निघालं आणि मागं कसं घ्यायचं हे त्यांना कळेना, असं त्यांचा चेहरा सांगत होता. मला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

भट्टीचं काम आत्यानं अर्थातच आपल्याकडे घेतलं. मीटरबाईंनी मोबाईलवर फोटो दाखवला, तर आत्या म्हणाली, "एवढंच ना? माझ्याकडे आहे." आणि तिनं लाँड्रीमागं गंजत पडलेल्या जुन्या धुलाई मशीनचं पिंप ओढून आणलं. चकचकीत, गोल, आणि सगळ्या अंगाला भोकं! कपड्यातलं पाणी निघून जावं म्हणून असतात ती. मीटरबाई तेव्हा जेवायला गेल्या होत्या. आत्यानं पिंप भरलं, पेटवलं, आणि काय झकास जाळ झाला म्हणून सांगू! धूर नाही की काही नाही. आत्या कमरेवर हात ठेवून उभी. जाळ ओसरला तेव्हा तळाशी पसाभर राख होती, चाळून घेतल्यासारखी मऊ.

बाबा हद्दीवर उभे राहून पोट धरून हसले. "माझं शेत जाळूनही राखच आणि तुझी भट्टी जाळूनही राखच! मग मी काय वाईट होतो?"

मीटरबाई परत आल्या, पिंपाकडे पाहिलं आणि त्यांनाही हसू आवरेना. भोकांतून खालून हवा गेली, आता कोळसा कुठून राहणार? मग वेल्डिंगवाल्याकडून जुन्या पाण्याच्या टाकीचा पत्रा कापून, बुडाला निमुळती आणि तोंडाला रुंद अशी बिनभोकांची भट्टी करून घेतली. त्या भट्टीत कोळसा झाला, चांगला भरपूर झाला. तो विझवायचं आत्यानं मनावर घेतलं. तिनं तांब्यात पाणी घेतलं आणि इस्त्रीच्या कपड्यावर शिंपडावं तसं बोटांनी अलगद, सगळीकडे सारखं शिंपडलं. वरून काळंभोर थंड दिसत होतं. सकाळी जाऊन बघतो तर आतला निखारा जागाच राहिलेला आणि पुन्हा सगळी राख. जन्मभर ज्या हातानं पाणी शिंपडलं, त्या हाताला ओतणं जमेना. तिसऱ्या वेळी मीच बादल्या घेतल्या. लाँड्रीचं खळबळून काढलेलं पाणी ओतलं आणि भट्टी अशी फुत्कारली की आत्या चार हात मागं पळाली.

मग मोजणीचा दिवस उजाडला. सगळी आळी जमली होती. आत्यानं दोन जुन्या चादरी काढून दिल्या, एक शेतावरून वारा जातो त्या बाजूला आणि एक भट्टीच्या त्याच बाजूला, ओल्याच टांगल्या. "तुमचं मशीन तुम्हाला, माझं मशीन मला," ती मीटरबाईंना म्हणाली. बाईंनाही ते पटलं. त्यांनी चादरींचे आधीचे फोटो काढून घेतले.

बाबांनी अर्धं शेत पेटवलं. ते नेहमीसारखंच झालं, ज्वाळा माणसाच्या वर, धुराचा लोट, सगळ्यांचे डोळे लाल. मीटरबाई नळी उंच धरून धुरात उभ्या, नाकावर मास्क, डोळ्यांतून पाणी. तास संपायच्या आत सगळं शांत झालं आणि शेतावरची चादर कोळशाच्या गोणीसारखी दिसायला लागली.

मग भट्टी. आत्या पदर खोचून उभी राहिली. बाबा धांडे आणून देत होते, ती थराथरानं टाकत होती, वर पांढरी राख दिसायला लागली की पुढचा थर. सुरुवातीला नुसता जाळ आणि वर थरथरणारी हवा. मध्येच एकदा थोडा पांढुरका धूर आला, मग गेला. संध्याकाळी आत्यानं भट्टीमागची चादर काढली, गालाला लावली, उजेडात धरली. पांढरी! इकडे-तिकडे दोन ठिपके, तेवढेच. तिनं ती चादर डोक्यावरून फिरवली आणि माझा हात धरून तिथंच नाचली. धिप्पाड बाई नाचली की माती उडते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबाही हसत होते, खरं सांगते, हरल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर औषधालाही नव्हतं.

मीटरबाई मात्र पेटीवर वाकून बसल्या होत्या. त्या उठल्या तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिनसलंय.

"मावशी," त्या म्हणाल्या, "काजळी खूपच कमी आहे. तुमची चादर खरं बोलते. पण मधल्या वेळात दुसरे वायू फार चढले. कार्बन मोनॉक्साइड चढला, मिथेन तर शेतातल्या जाळापेक्षाही जास्त. हे वायू दिसत नाहीत, डाग पाडत नाहीत, पण मिथेन हवेला फार तापवतो. मी खोटा आकडा लिहू शकत नाही. कोळशात किती राहिलं, हवेत किती गेलं, सगळी बेरीज केली तर आज भट्टी जिंकली असं मला म्हणता येत नाही."

"दिसत नाही ते मोजलंत कसं?" आत्याचा आवाज चढला.

"त्यासाठीच ही पेटी आहे ना. चादरीत काजळी अडकते, वायू आरपार जातो." बाईंचा चेहरा पार उतरला होता. त्या मनानं आत्याच्याच बाजूच्या होत्या, हे कुणालाही दिसलं असतं.

आत्या भांडेल असं वाटलं. ती भांडली नाही. ती चादर घडी करून हौदाच्या कठड्यावर ठेवून आली आणि सरळ पहिल्या खांबापाशी जाऊन दोरीची गाठ सोडायला लागली. त्या गाठी इतक्या वर्षांत ऊन-पाण्यानं दगड झाल्या होत्या. ती दातांनी सोडायला लागली. लोक एकेक करून पांगले, कुणाला बघवेना. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस. शब्द दिलाय मी." मला राग आला, शब्दाचा, पैजेचा, त्या पेटीचा, सगळ्यांचाच.

बाबा तिथं नव्हते. ते मीटरबाईंच्या मागं लागले होते. "बाई, तो पांढुरका धूर आला तेव्हाच आकडा चढला का?" हो. "तो कशानं येतो?" ओल्यानं, बाई म्हणाल्या. धांडे ओलसर असले की जाळ थंड पडतो, आतले वायू नीट न जळता निसटतात. धांडे कुठून आणले होते मधल्या वेळात, बाईंनी विचारलं. बाबा उभे राहिले, त्यांनी शेताकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सखल कोपऱ्यातून आणले होते. त्या कोपऱ्यात मका वाळतच नाही लवकर, कारण तिथं पाणी मुरतं. आणि ते पाणी येतं कुठून, तर वरच्या पट्टीतून, आत्याच्या हौदातून.

बाबा धावत आले. एवढ्या जोरात आले की त्यांची एक चप्पल शेतातच राहिली.

"ताई! पाणी तुझंच आहे!"

"कसलं पाणी?" आत्याच्या दातांत दोरी होती.

"धांड्यांतलं! तुझ्या धुण्याच्या पाण्यानं माझे धांडे भिजले, आणि मी आंधळ्यासारखे तेच भट्टीत दिले. म्हणजे चूक निम्मी तुझी आणि निम्मी माझी. अशी पैज होत नसते. पुन्हा लावायची!"

"बाळ्या, हरल्यावर नियम बदलतोस?"

"अगं, हरलीयेस तू! जिंकलोय मी! जिंकलेला माणूस नियम बदलू शकत नाही का?"

आत्यानं दोरी तोंडातून काढली. मला हसूही येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते. बाबांनी तिच्या हातातून दोरीचं टोक घेतलं आणि खांबाला पुन्हा बांधलं. गाठ इतकी वाईट बांधली की आत्यानं न राहवून सोडून परत बांधली. झालं, तिथंच ती फसली.

"धांडे वाळायला पाहिजेत," बाबा म्हणाले. "जमिनीवर टाकले तर खालून ओल धरतात. आणि या आळीत वाळवायचं काम कुणाला येतं? तुझ्याइतकं?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या लाँड्रीत जे दृश्य होतं ते बघायला लोक वाट वाकडी करून यायचे. पुढच्या दोऱ्यांवर बाळंतिणींच्या चादरी, मागच्या दोऱ्यांवर मक्याचे धांडे, जुड्या बांधून, शेंडा खाली, बुडखा वर, दोन जुड्यांत वाऱ्याला वाट ठेवून. आत्यानं बाबांना टांगायला शिकवलं. "जाड बुडखे वाऱ्याच्या तोंडाला. असे नाही रे, चड्डी वाळत घालतोस का?" बाबा निमूट ऐकत होते. रस्त्यानं जाणारा पाववाला ओरडला, "काय मावशी, मक्यालाही नीळ देता का?" आत्या म्हणाली, "नीळ नाही, खळ. कडक व्हायला हवेत." मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांना एकाच दोरीवर काम करताना पाहिलं, आणि सांगायला लाज कशाला, मला फार आनंद झाला. मला निरोपच उरला नव्हता पोचवायला.

वाळलेत की नाही हे ती गाल लावूनच बघायची. तिच्या गालावर धांड्यांचे ओरखडे उठले. मीटरबाईंनी ओल मोजायचं छोटं यंत्र दिलं, तर आधी गाल आणि मग यंत्र असा क्रम तिनं ठरवला. कधी गाल बरोबर यायचा, कधी यंत्र. गाल चुकला की ती म्हणायची, आज हवा दमट आहे. शेवटी दोघांचं जमलं ते आवाजावर: धांडा वाकवला की न वाकता कट्कन मोडला पाहिजे.

पुन्हा मोजणी झाली तेव्हा बघायला कुणाला बोलावलं नाही. तरी सगळे आले. जाळ पहिल्यापासून पिवळाजर्द आणि तडतडता. पांढुरक्या धुराची एक रेघ नाही. बाबा मुठीमुठीनं देत होते, घाई करत नव्हते. मुळात त्या माणसाला घाई न करता काम करताना बघणं हीच एक नवलाई होती. मी बादल्या ओतल्या, भट्टी फुत्कारली, वाफेचा ढग उठला. मीटरबाई पेटीवरून उठल्या, त्यांनी मास्क काढला आणि आत्याला मिठी मारली. आकडे त्यांनी नंतर समजावून सांगितले. काजळी जवळजवळ नाहीच, मोनॉक्साइड थोडा, मिथेन जेमतेम. आणि कोळसा हातात घेऊन दोन तुकडे एकमेकांवर वाजवले तर काचेसारखा किणकिण आवाज.

"एकाच शेताचं आहे हे," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे पुन्हा मोजायला लागेल. पण इथं तरी, काका, तुम्ही हरलात."

"हरलो, हरलो!" बाबा असे ओरडले की जणू लॉटरी लागली.

त्यानंतर बाबांनी शेताला काडी लावली नाही. कुरकुर मात्र भरपूर केली. जे तासाभरात व्हायचं त्याला आता कितीतरी दिवस लागतात, पाठ धरते, पेरणी लांबते, सगळं खरंच आहे. म्हणून थोडे धांडे गुरांना कुट्टी करून, थोडे खताच्या खड्ड्यात, आणि उरलेले भट्टीत, असा मार्ग निघाला. मोठ्या सिस्टरांना त्या हंगामात पुन्हा एकही करडी चादर गेली नाही आणि त्यांनी शहरातल्या लाँड्रीचं प्रकरण कपाटात घालून टाकलं. पण एक शेत थांबलं म्हणजे सगळी शेतं थांबली असं नाही, आणि पुढच्या हंगामात तेच झालं.

बाबा दुपारी शेतात होते. शेणखतात मुरवलेला ओला कोळसा हातानं पसरत होते. कोपरापर्यंत हात काळे. आत्या विहिरीवर होती, मी इस्त्रीवर. त्या दिवशी सगळ्या दोऱ्या भरलेल्या, वॉर्डाची मोठी खेप. पलीकडच्या ओढ्याजवळच्या शेतात कुणीतरी काडी लावली, लोट उठला आणि वाऱ्यानं वळून सरळ आमच्याकडे यायला लागला. मला दिसेपर्यंत बाबांना दिसला होता. हातातलं घमेलं टाकून ते हद्द ओलांडून धावत वर आले. "चादरी! ताईच्या चादरी!" असं ओरडत. आम्ही पोचेपर्यंत ते एकेक दोरी हिसकत होते, चिमटे उडत होते, चादरी कवेत गोळा करत होते, तोंडानं त्या शेतकऱ्याला जे जे म्हणत होते ते मी इथं लिहू शकत नाही. धूर येऊन पोचला तेव्हा दोरीवर एकही चादर नव्हती. बाबा सगळा ढीग पोटाशी धरून इस्त्रीच्या खोलीत उभे, धापा टाकत, तोंडभर हसत.

"ताई, एकीलासुद्धा काजळी लागू दिली नाही!"

आत्या दारात उभी होती. तिनं वरची चादर उचलली. मधोमध एक पंजा, पाचही बोटं स्पष्ट. दुसरी उचलली. दोन पंजे आणि कोपराचा एक लांब फराटा. तिसरी, चौथी, तशाच. धुराला जमलं नसतं इतकं काळं बाबांनी एका धावेत करून ठेवलं होतं. बाबांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी आपले हात पाहिले आणि ते पाठीमागं लपवले, शर्टाला पुसत.

आत्या खाली बसली, त्या ढिगाशेजारी फरशीवरच, आणि हसायला लागली. आधी आवाज न करता, खांदे हलवत, मग मोठ्यानं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"इतकी वर्षं लांबून काळ्या करायचास रे," ती म्हणाली. "आज धावत येऊन केल्यास."

बाबा तिच्याशेजारी बसले. मग दोघांनी मिळून त्या चादरी पुन्हा उकळायला टाकल्या. आत्यानं त्यांना आधी साबणानं हात धुवायला लावले, ते मी सांगायला नको. पातेल्याखाली आच लावून ती ओले हात झाडत फोनपाशी आली आणि तिनं मोठ्या सिस्टरांना फोन लावला. लाँड्री सुरू झाल्यापासून खेप उशिरा जायची ही पहिलीच वेळ होती. पलीकडून सिस्टरांनी काळजीनं विचारलं असणार, काय झालं म्हणून, कारण आत्यानं आधी बाहेर हौदाशी वाकलेल्या बाबांकडे पाहिलं, आणि मग फोनमध्ये सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काही नाही हो सिस्टर, आमच्या बाळ्यानं वाचवल्या, म्हणून उशीर होतोय."